फ्रेमवाल्या काकांना एक मोठ्ठं थँक्यू

काका, हे तुम्ही स्वतःहून वाचणार नाही हे माहितीये, सूनबाई वाचून दाखवतील या भरवशावर लिहितेय. समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घेणार का" म्हणून विषयच बदलता.

काचचित्र म्हणजे काचेच्या मागून रंगवायचं आणि पुढून बघायचं, एवढं यूट्यूबवर पण कळतं हो. पण हात कसा बसवायचा ते कोण सांगतं? तुम्ही कापून उरलेल्या काचपट्ट्या दिल्यात आणि म्हणालात, चित्र राहू दे, नुसत्या रेषा मार, पूस, परत मार. भुवई, नाकाची कड, शेल्याच्या चुण्या, बास. रंग ओला आहे तोवर फडकं फिरवलं की काच कोरी, त्यामुळे सरावाला खर्चच नाही. आणि ती दोन ठोकळ्यांवर आडवी पट्टी ठेवून त्यावर मनगट टेकवायची आयडिया, कसली भारी आहे! हाताचं तेल काचेला लागलं की रंग तिथे धरतच नाही, गोळा होतो, म्हणून आधी स्पिरिटने पुसायची आणि मग कडेनेच उचलायची, हे आता अंगवळणी पडलंय.

ही कला १८व्या शतकात चीनहून व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे आली, हे तुमच्याकडूनच कळलं. मग तुम्ही मला जुनी काचचित्रं बघायला पुण्याच्या केळकर म्युझियमला पिटाळलंत, पण खरं शिक्षण झालं ते तुमच्याकडे फ्रेम बदलायला आलेल्या त्या जुन्या लक्ष्मीमुळे. तुम्ही मागचा पुठ्ठा काढलात आणि काच पालथी दाखवलीत, तर चेहऱ्याच्या जागी नुसता गुलाबी ठिगळासारखा रंग! नाक नाही, डोळे नाहीत. सुलटी केली की बाई बघतायत आपल्याकडे. डोळ्यातला पांढरा ठिपका, मोत्यांचे मणी, रेषा हे सगळं आधी, मग अंगाचा रंग, बॅकग्राउंड सगळ्यात शेवटी, हे त्या एका मिनिटात डोक्यात बसलं. दागिन्यांची जागा रिकामी सोडून मागून बेगड लावलेली, ती पण तेव्हाच दिसली.

आणि ट्रेसिंग उलटं ठेवायचं कारण तुम्ही जे सांगितलंत ते मी सगळ्यांना सांगत फिरते, नाहीतर पुढून उजव्या सोंडेचा गणपती निघायचा आणि मग घरात त्याचं सोवळं सांभाळणार कोण 😄

माझ्या रेषा आता बऱ्यापैकी सरळ येतात, बोटं अजून जाडी येतात. बोटांचं काय करायचं ते सांगा.

पुठ्ठा आणि रंग यांच्यात फट ठेवून माझा गणपती फ्रेम केलात, पैसे घेतले नाहीत, ते मी विसरलेले नाही. शनिवारी येतेय, जुन्या खिडक्यांच्या पातळ काचा आल्या असतील तर भंगारवाल्याला देऊ नका प्लीज.