आईला पत्र, इस्रायलमधल्या दिमोनाहून

ती. आईस, सा. न.

फोटो बघून तू रात्रभर झोपली नाहीस म्हणे. अगं, मागचा तंबू सैन्याचा नाही! मिसरातून (इजिप्तमधून) निघालेले इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात हिंडले, त्यांच्या देवाच्या तंबूची ती प्रतिकृती आहे, तिम्नाला. इथल्या सुक्कोत सणाच्या मधल्या दिवसांत, मी सांभाळते त्या आजींच्या लेकाने गाडीने नेलं. पाणी, टोपी सगळं होतं. मी एकटी कुठे जात नाही.

आजींनी (अलिबागकडच्या ज्यू, सांगितलंय ना) वाटेत सगळं सांगितलं. मधोमध तंबू, दार पूर्वेला, चारी बाजूंना तीन-तीन वंश. वारीत दिंड्यांचे क्रम असतात तसं, कोणी कुठे उतरायचं ते ठरलेलं. तंबूवरचा ढग वर गेला की चांदीचे दोन कर्णे वाजायचे नि मुक्काम हलायचा. अशा 42 मुक्कामांची यादी त्यांच्या धर्मग्रंथात आहे. त्यातलं एस्योन-गेबेर एलातच्या समुद्राजवळ होतं म्हणतात. तिम्नात तांब्याच्या जुन्या खाणी आहेत. तिथल्या मिसरी देवळात 1969 साली तांब्याचा साप सापडला, डोक्याला सोन्याचा मुलामा. आजी म्हणाल्या, रानात त्या लोकांचा पुढारी होता त्या मोशेनेही असाच केला होता. लेक म्हणाला, तो वेगळा. घरी येईपर्यंत दोघं भांडत होते.

सण म्हणजे काय, तर चांगलं घर सोडून सात दिवस मांडवात जेवायचं. काही जण झोपतातही. छप्पर कापलेल्या फांद्या-झावळ्यांचंच, पत्रा चालत नाही. उन्हापेक्षा सावली जास्त हवी, पण रात्री चांदण्या दिसायला हव्यात. बाल्कनीत घातला तर वर दुसऱ्याची बाल्कनी नको, थेट आकाश हवं. पाऊस आला तर खुशाल घरात जा! कशाला हे सगळं विचारलं, तर पूर्वज रानात असे राहिले म्हणून. सण पौर्णिमेला लागतो, यंदा नेमकी कोजागरी. मसाला दूध करते म्हटलं, तर जेवणात मटण, त्यावर दूध वर्ज्य. दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. आजी दोन पेले प्यायल्या.

बातम्या बघत बसू नका. सायरन वाजला तर इमारतीखाली निवारा आहे, आजींना धरून मी वेळेत उतरते. जेवते नीट. बारीक दिसते ती फोटोत.

पैसे पाठवलेत. आधी पतपेढीचा हप्ता, मग मंडपवाला. दादाच्या लग्नाला यायचं बघतेच आहे, पण आजी दुसऱ्या बाईला हात लावू देत नाहीत, त्यामुळे नक्की धरू नका. दादाला मीच फोन करते, तू काही बोलू नकोस. चिपळूणच्या स्थळाला दोन वर्षं थांबा म्हणावं. नसेल जमत तर राहू दे, मला वाईट वाटणार नाही. वहिनीच्या मंगळसूत्राचे पैसे पुढच्या महिन्यात वेगळे येतील, ते बाबांनी हप्त्यात घालायचे नाहीत.

तुझी,
बेबी