नाण्याची मागची बाजूही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात नुकतीच शेतात सापडलेल्या ‘रोमन सम्राटाच्या तांब्याच्या नाण्या’ची बातमी आली. सोबत फोटो एकाच बाजूचा. शहापुरात आमची सराफी पेढी आहे. खानापूर, येळ्ळूर, कडोलीकडची माणसे नांगरटीत मिळालेली नाणी आमच्याकडे दाखवायला आणतात; बहुधा शिवराई, क्वचित विजयनगरचा होन. म्हणून हे पत्र.

फोटोत पानांचा मुकुट घातलेला चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत. म्हणजे ते रोम शहराच्या टांकसाळीतले नसावे. साम्राज्याच्या पूर्वेकडची शेकडो शहरे आपापली तांब्याची नाणी पाडत, त्यांना प्रांतिक नाणी म्हणतात. पुढच्या बाजूला सम्राट असतो, पण नाणे कुठले ते मागची बाजू सांगते: शहराचे नाव, तिथली देवता, काही ठिकाणी सुभेदाराचेही नाव. नुसत्या सम्राटाच्या नावावर विसंबता येत नाही. कॅराकॅला आणि एलागाबालस हे दोन रोमन सम्राट, दोघेही नाण्यांवर मार्कस ऑरेलियस अँटोनायनसच! आजच्या बल्गेरियातल्या मार्सियानोपोलिसच्या नाण्यावर सुभेदार क्विंटिलियानस असला तर सम्राट कॅराकॅला, सेल्युकस असला तर एलागाबालस. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर तर राजवटीचे वर्षच ग्रीक अक्षरांत घातलेले असते. हा सगळा पुरावा मागच्या बाजूला, आणि तीच छापलेली नाही.

आपल्या मुलखाला रोमन व्यापार नवा नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली, चित्रदुर्गच्या चंद्रवल्लीत रोमन चांदीची नाणी, हावेरीच्या अक्कीआलूरला सोन्याची. पण व्यापारात मुख्यतः सोने-चांदी आली. शहरांचे तांबे त्या-त्या शहराच्या आसपासच चाले. हे नाणे खरोखर आपल्या मातीतून निघाले असेल तर फार मोठी गोष्ट आहे. हल्ली कुणी बाजारातून आणलेले असेल, तर आपल्या इतिहासाला त्याचा उपयोग नाही. म्हणून कुठल्या शेतात, किती खोल, सोबत खापरे होती का, हे त्या शेतकरी बंधूंना आताच विचारून लिहून ठेवले पाहिजे.

नाणे चिंच-लिंबाने घासू नये, ही कळकळीची विनंती. हिरव्या थराबरोबर अक्षरेही जातात. कडेला साच्याची जोड दिसते का, अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे आहेत का, तेही पाहावे. ओतीव नकला अशाच ओळखू येतात. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, व्यास आणि दोन्ही छापांची एकमेकांशी असलेली दिशा एवढे हाती असले की ‘रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज’ या सूचीत शोध घेता येतो. तिचा पहिला खंड १९९२ साली निघाला, आता ती इंटरनेटवर फुकट पाहता येते.

वजन आमच्या काट्यावर करून देईन, मोबदला नको. त्यानंतर नाणे तहसीलदारांमार्फत पुरातत्त्व खात्याकडेच जावे आणि दोन्ही बाजू आपल्या अंकात छापल्या जाव्यात.

आपला,
एक सराफ, शहापूर, बेळगाव