विणकर गेला तेव्हा कांडीवालीचं काम बंद पडलं

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

नोकऱ्यांत ८० टक्के स्थानिक घ्यायची सक्ती करा, ही मागणी दर निवडणुकीला ऐकतो. माझे इचलकरंजीत २४ साधे यंत्रमाग आहेत. विणकर बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशचे, कांडी, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची नळी, भरणाऱ्या बायका मात्र गावातल्या. २०२० च्या टाळेबंदीत विणकर निघून गेले आणि परप्रांतीय नसले तर काय होतं, हे आयतंच बघायला मिळालं. मजुरी परवडेल तेवढी वाढवली. गावातली दोन पोरं आली, रात्रपाळीचा दुसरा आठवडा संपायच्या आत एमआयडीसीत गेली. त्यांना दोष देत नाही, माझाही मुलगा मागावर उभा राहत नाही. पण माग बंद म्हणजे कांडीही बंद. बायका रोज दारात येऊन विचारायच्या, "मालक, माग कधी सुरू होणार?"

अमेरिकेने हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. १९४२ पासून मेक्सिकोचे शेतमजूर तिथे करारावर येत; त्यांना 'ब्रासेरो' म्हणत. त्यांच्यामुळे आपल्या मजुरांचा दर पडतो म्हणून १९६४ अखेर ती योजना बंद केली. अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली जुने आकडे तपासले, तर ब्रासेरो जास्त होते त्या राज्यांतली मजुरी इतरांपेक्षा वेगाने वाढलेली दिसली नाही. मग त्यांची जागा घेतली कुणी? कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडणारं यंत्र तयारच होतं, त्याचा मार सोसणारं वाणही. काही वर्षांतच सॉसचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला.

आमचं ते यंत्र म्हणजे रेपियर, नव्या पद्धतीचा माग. त्याला धोटाच नाही, मग कांडी कशाला लागेल? विणकर मिळेना झाला तर कर्ज काढून मी तेच बसवणार. रेपियर तसेही येताहेत, मान्य. पण कायद्याने त्यांना आणखी रेटा द्यायचा आणि वर हे भूमिपुत्रांसाठी म्हणायचं? हरियाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा तर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला.

मालकाला स्वस्त मजूर हवाय, असं म्हणाल. थोडं खरं आहे. बाहेरचा माणूस बारा तास उभा राहतो, शेडमध्येच झोपतो, म्हणून दर दबतो. मराठी पोराचा राग खोटा नाही. पण दर पडतो तो त्या बारा तासांमुळे. माणूस बिहारातल्या छपऱ्याचा की इथल्या शिरोळचा, याचा त्याच्याशी संबंध नाही. तास आणि किमान वेतन तपासायला नवा कायदा लागत नाही, खातं तुमच्याकडेच आहे.

तपासणी रात्रपाळीला करा, दिवसा सगळ्या शेड नीटच दिसतात. माझ्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल. फक्त त्याच आठवड्यात शेजारच्यांकडेही जा. एकट्याने आठ तासांची पाळी लावली तर त्या भावात माझं कापड कुणी उचलणार नाही.

कळावे,
इचलकरंजीतील एक यंत्रमागधारक