चांदोलीत पोरांना चालू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत चांदोलीच्या सफारीबद्दल वाचलं आणि दिवाळीनंतर आम्ही केलेली फेरी आठवली. पत्र थोडं लांबणार आहे. कात्री लावायचीच झाली तर माझ्या सूचनांना लावा, मामांच्या तळ्याला नको.

आम्ही कराडहून सहा जण गेलो होतो. मी, बायको, बहात्तर वर्षांची आई, सात वर्षांची मुलगी आणि बहिणीची दोन पोरं. शेडगेवाडी, आरळा करत सकाळी वारणावतीला पोचलो. नोंदणी, शुल्क, गाडी सगळं रीतसर झालं. गाडीवाल्या पोरानं आत शिरताना नियम सांगितला की कुठंही खाली उतरायचं नाही. नियम बरोबर आहे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. ३१७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात आहे, आत गवे आहेत, अस्वलं आहेत. तिथं सहा माणसांचं बिऱ्हाड घेऊन कुणी उतरू नये.

पण सात वर्षांच्या पोरीला गाभा आणि त्याभोवतीचा बफर पट्टा कळत नाही. पहिला तासभर ती डोळे फाडून बघत होती. एका उठवलेल्या गावाच्या माळावर लांब चार गवे दिसले, तेव्हा टाळ्या पिटायला निघाली होती, तिच्या आजीनं हात धरले. त्यानंतर धूळ, हादरे आणि पुन्हा धूळ. झोळंबीच्या सड्यावर पोचलो तोवर तिनं चौथ्यांदा विचारलं होतं, "बाबा, आपण उतरायचं कधी?"

सडा म्हणजे काय हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको, तरी सांगतो, कारण मुद्दा तिथंच आहे. जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर बोटभर माती. पावसाळ्यात पाण्याला खाली वाट नसते, म्हणून ते खळग्याखळग्यात साचतं आणि चार महिने अख्खं पठारच पाणथळ होतं. मातीत कस नसतो, म्हणून इथल्या काही वनस्पती किडे खातात. दवबिंदूच्या पानावरचा चिकट थेंब आणि त्याला डकलेलं चिलट बघायचं तर गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून बसावं लागतं. सीतेची आसवं तर नखाएवढी. या गोष्टी गाडीतून दिसत नाहीत, दिसणारच नाहीत. त्यात पावसाळ्यात उद्यान बंद आणि उघडल्यावर महिनाभरात सडा करपायला लागतो. आम्ही पोचलो तेव्हा वर पिवळं गवत होतं. पोरं मोबाइलवर फुलांचे फोटो बघत होती, तेही कासच्या फुलांचे.

दुपारी बाहेर आलो. वाटेवरच्या एका वाडीत जेवणाची सोय होते असं कळलं होतं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. ज्यांच्या घरी जेवलो त्यांना पोरं लगेच मामा म्हणायला लागली. मामांचं मूळ गाव आत, आता फक्त चौथरे उरलेत. पोरीचं तोंड बघून ते म्हणाले, "काय गं, वाघ न्हाई दिसला व्हय? चल, तुला तळं दावतो."

वाट म्हणजे नुसता बांध होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची खाचरं, त्यात अजून घोट्याएवढा चिखल आणि चिखलात बगळे. पुढं ओढा, ओढ्यापलीकडं जांभळी-हिरड्याची दाट पट्टी. तिच्यात शिरल्यावर एकदम गारवा लागला आणि पोरं आपोआप गप्प झाली. (घरी हे कधी घडत नाही.) पट्टी संपते तिथं तळं. मोठं काही नाही, आमच्या कराडच्या एखाद्या मंगल कार्यालयाच्या मांडवाएवढं असेल. एका कडेला लव्हाळी, दुसरीकडं उघडा चिखल.

त्या चिखलात मामा उकिडवे बसले. "ह्यो बघ गवा. राती आल्ता." दोन फाकांचा खूर एवढा खोल रुतला होता की त्यात पाणी भरलं होतं आणि त्या पाण्यावर पाणनिवळ्या सरसर फिरत होत्या. पोरीनं विचारून त्यात पाय घातला. अख्खा पाय मावला. मग तिनं शेजारचा ठसा दाखवला आणि हळूच विचारलं, "आणि हा बिबट्या?" मामा म्हणाले, "न्हाई, ते आमचं कुत्रं." भाचा हसून लोळायचा बाकी होता. बिबट्याचं अप्रूप आम्हाला तसंही कमीच, कराड-शिराळ्याच्या उसात तो घरचाच झालाय.

लव्हाळ्यात काहीतरी खुडबुडलं. मामांनी हात वर केला आणि आम्ही सगळे होतो तिथं थांबलो. मिनिटभरानं एक पाणकोंबडी बाहेर आली, पांढरी छाती, आखूड शेपटी खालीवर उडवत. चार पावलं चालली, आम्हाला बघितलं आणि परत आत गेली. एवढंच. त्यावर घरी आठ दिवस बोलणं चाललं होतं.

आई बांधावर बसून राहिली होती. तिचं माहेर खटावातलं. मायणीच्या तलावावर रोहित पक्षी यायचे ते बघत ती मोठी झाली, पण पाण्यासाठी घागर घेऊन मैलभर जातही मोठी झाली. जमिनीतून आपोआप झिरपणारं पाणी तिला पटेचना. सारखी म्हणायची, "अरे, हे वाहून चाललंय, कुणी अडवत का नाही?" मामा म्हणाले, "आजी, खाली चांदोलीत अडवलंया की. चौतीस टीएमसी." तेव्हा ती गप्प झाली.

फजितीही झाली. भाच्याच्या पोटरीला जळू लागली. मामांनी तंबाखू ओली करून लावली आणि ती सुटली. मी आईला चालायचे बूट घाल म्हटलं होतं, तिनं ऐकलं नाही, मीही धरून बसलो नाही. परतताना खाचराच्या कडेला तिची चप्पल चिखलात रुतली आणि पट्टी तुटली. उरलेली वाट ती अनवाणी आली, त्यातही खूष.

जाऊन येऊन दोन किलोमीटर भरले नसतील, वेळ गेला दीड तास. माझ्या खिशातून सकाळच्या सफारीला जे गेलं, त्याच्या मानानं मामांनी जेवणाव्यतिरिक्त काहीच घेतलं नाही. हे मला बरोबर वाटलं नाही आणि हे पत्र लिहायला बसण्याचं एक कारण तेही आहे.

संपादक महोदय, माझं मागणं साधं आहे. व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला जवळपास निम्मा भाग बफर आहे. तिथं गावं आहेत, शेती आहे, माणसं रोज पायी फिरतात. अशा भागात तळी, ओढे आणि जंगलाच्या कडा जोडणाऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या चार-पाच वाटा वनविभागानं आणि ग्रामपंचायतींनी मिळून ठरवाव्यात. आजी आणि नातवंडं एकत्र चालू शकतील अशा. दहा जणांची तुकडी, पुढं एक वाटाड्या आणि मागं एक, ऊन तापायच्या आत सुरू आणि दिवस कलायच्या आत संपलेली. वाटाडे त्याच गावांतले, शक्यतो आतून उठवलेल्या कुटुंबांतले. त्यांना कुठलं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं हे पाठ असतं. त्यांची मजुरी तिकिटातच धरावी, म्हणजे पाहुण्यांच्या मर्जीवर राहायला नको. आणि सुरुवातीच्या ठिकाणी एक स्वच्छ संडास. या एका गोष्टीवाचून किती बायका आणि म्हातारी माणसं सहलीला यायचंच टाळतात, हे ठरवणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही.

यात नवीन काही नाही, आपल्याच जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यानं हे आहे. कासला फुलांच्या हंगामात आजूबाजूच्या गावांची समिती सगळं सांभाळते आणि राजमार्गानं कुमुदिनी तलावापर्यंत लहान पोरंही चालत जातात. वासोट्याच्या किल्ल्याला बामणोलीहून लाँचनं जायचं, आणि पलीकडं उतरल्यावर पाण्याच्या बाटल्या मोजून अनामत घेतात, परत आणल्या तर पैसे परत. पण वासोट्याची चढण सात वर्षांच्या पायांची नाही, माझ्याही राहिलेली नाही. सागरेश्वरला पायी फिरता येतं. धों. म. मोहित्यांच्या पुढाकारानं उघड्या डोंगरावर लावलेलं ते जंगल मला फार आवडतं, १९८५ पासून अभयारण्य आहे. पण ते कोरडं रान. पाण्याकाठचं जंगल बघायला चांदोलीकडंच यावं लागतं.

एक धास्ती मात्र आहे. 'वाट करा' म्हटलं की आपल्याकडं पहिला ट्रक येतो तो पेव्हर ब्लॉकचा. मग लोखंडी कमान, मग लाल बदामाचा 'आय लव्ह चांदोली', मग त्याच्यापुढं वडापावची गाडी. कृपा करून यातलं काहीही नको. बांध बांधच राहू दे. फार चिखल होतो तिथं लाकडी फळ्या टाका, बास. आणि तळ्याच्या काठावर बसायला दगड आहेत, बाक लागत नाहीत. त्याच दिवशी रस्त्याकडेला एक गाडी दारं उघडून, मोठ्यानं गाणी लावून उभी होती आणि पोरं ओढ्यात वेफर्सची पाकिटं सोडत होती. तसल्या पाहुण्यांसाठी वाटाड्याला 'परत फिरा' म्हणायचा अधिकार असला पाहिजे, आणि तो त्याच्या ओळखपत्रावर छापलेला असला पाहिजे.

वेळही जुळवावी लागेल. शाळांना दिवाळीची सुट्टी लागते तेव्हाच उद्यान उघडून थोडे दिवस झालेले असतात आणि बफरमधल्या तळ्यांत, खाचरांत पाणी असतं. जानेवारीत वाटा सुरू झाल्या तर पोरांना भेगाळलेला गाळ तेवढा दिसेल. तेव्हा जे ठरवायचं ते या पावसाळ्यातच ठरवावं, संबंधितांपर्यंत हे पोचवण्याचं काम आपण करावं ही विनंती.

मामांना पोरीनं पत्र लिहिलंय, आत पाणकोंबडीचं चित्र आहे, चारी बाजूंनी शेपटी वाटावी असं. त्यांनी निरोप धाडला की पुढच्या खेपेला राहायलाच या. आई तयार आहे. फक्त तिच्या चपलेची पट्टी मी अजून शिवून आणलेली नाही, हे ती येता-जाता ऐकवते.

आपला,
एक वाचक,
कराड, जि. सातारा