सम-विषम

बेळगाव

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू ग्रंथालयाची गोष्ट सांगितलीस आणि मला पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. तीस वर्षं वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले मी. १४२५ सालचं बेल्जियममधल्या ल्यूव्हनचं विद्यापीठ १९६८ मध्ये भाषेवरून दुभंगतं, फ्रेंचवाले दूर नवं गाव वसवून जातात आणि पुस्तकांची वाटणी होते ती सम-विषम क्रमांकांनी! १९१४ मध्ये जर्मन सैन्यानं ते ग्रंथालय जाळलं, १९४० मध्ये ते पुन्हा जळालं, तरी लोकांनी दोन्ही वेळा उभं केलं. आणि वाटणी केली घरातल्यांनीच.

करार, संसद, ब्रसेल्सची कार्यालयं हे सगळं शीकच. पण प्रबंधासाठी विषय शोधत्येस ना, मग एकदा व्हूरनला जाऊन ये. सहा खेडी. १९६३ मध्ये भाषेच्या सीमेवरून ती फ्रेंच भाषक लिएज प्रांतातून काढून डच भाषक लिम्बुर्गला जोडली. तिथला महापौर डच बोलायला तयार नव्हता. त्या वादात १९८७ मध्ये देशाचं सरकार पडलं. मी आज्जीला हे वाचून दाखवलं, तर तिनं एवढंच विचारलं, "मग गावं परत मिळाली काय?" नाही मिळाली. पण तिथल्या फ्रेंच भाषकाला सरकारी कागद आपल्या भाषेत मागता येतो. दर वेळी नव्यानं मागावा, असा फ्लेमिश, म्हणजे तिथल्या डच भाषक प्रदेशाच्या, सरकारचा आग्रह असतो, तरी मागता येतो. आपल्या शेताचा कन्नडमधला उतारा मी दुसऱ्याकडून वाचून घेतला होता, तो दिवस मला अजून आठवतो.

बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून निघणाऱ्या एक नोव्हेंबरच्या सायकल फेरीत तू माझ्या सायकलच्या नळीवर बसायचीस, दंडाला काळी फीत बांधून. त्यामुळे व्हूरनमध्ये तुझं मन आधी फ्रेंच भाषकांकडे ओढ घेईल. घेऊ दे, पण तिथंच थांबू नकोस. फ्लेमिश लोक बेल्जियममध्ये संख्येनं जास्त, तरी कोर्ट, लष्कर, उच्च शिक्षण सगळं फ्रेंचमध्ये चालायचं. घेंटचं विद्यापीठ पूर्ण डच व्हायला १९३० उजाडलं. स्वतःच्याच गावात आपली भाषा गावंढळ ठरवली गेली, हे त्यांचं दुखणं खरं आहे. शेजारचे कन्नड मास्तर मुंबई इलाख्यातल्या दिवसांबद्दल मला हेच सांगत असत. मी ते नीट ऐकून घेतलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. तू तेविसाव्या वर्षी ऐक.

त्यासाठी डच शीक. इंग्रजीवर तुझं वर्गात भागेल, पण व्हूरनची म्हातारी माणसं तुझ्याशी इंग्रजीत मन मोकळं करणार नाहीत. फ्रेंचही थोडी येऊ दे, दोन्ही दारं ठोठावता येतील.

आज्जीनं मेतकूट दिलंय, पुढच्या आठवड्यात पाठवतो. आणि ग्रंथालयातल्या एखाद्या जुन्या पुस्तकाच्या पाठीचा फोटो काढून पाठव. क्रमांक सम आहे की विषम, मला बघायचंय.

तुझा,
बाबा