आपट्याच्या रोपाविषयी मित्रास पत्र

नाशिक,
१० फेब्रुवारी

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

गिरणाऱ्याच्या नव्या घराच्या फाटकाशी लावायला, फार उंच न जाणारे आणि आपल्याच मातीतले एखादे फुलझाड सुचव, असे तू लिहिले आहेस. मी आपटा सुचवतो. मात्र घेताना तो नीट ओळखून घे, कारण आपटा म्हणून कांचन गळ्यात पडणे हे नेहमीचेच आहे. ७ वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून आपटा म्हणून आणलेले रोप मी जिवापाड जपले आणि चौथ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्याला तळहाताएवढी जांभळी फुले आली. तोवर त्याचीच पाने मी दसऱ्याला सोने म्हणून वाटत होतो, याची रुखरुख अजून जात नाही.

पान दुभंगलेले आहे एवढ्यावर भिस्त ठेवू नकोस, ते दोघांचेही असते. (बाउहिनिया हे या झाडांचे शास्त्रीय नाव बाउहिन आडनावाच्या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून पडले, आणि जोडपानाला ते शोभतेही.) आपट्याचे पान लहान, जेमतेम दोन इंचांचे, लांबीपेक्षा रुंदीला अधिक, चिवट आणि खालून राखट लव असलेले असते, कांचनाचे त्याहून बरेच मोठे आणि पातळ. दिवस मावळला की आपट्याची दोन्ही दले पुस्तक मिटावे तशी मिटतात. संध्याकाळी झाडाखाली उभा राहून हे एकदा अवश्य पाहा.

खात्री पटते ती फुलांवरून. आपट्याची फुले उन्हाळ्यात येतात, पिवळसर पांढरी, पेरभर, लांब तुऱ्यांवर. त्यांत १० पुंकेसर असतात. जांभळ्या कांचनात पूर्ण वाढलेले पुंकेसर बहुधा ३ च भरतात. शेंगाही वेगळ्या: कांचनाच्या चपट्या शेंगा वाळल्यावर तडकून बी दूर उडवतात, तर आपट्याच्या वीतभर, कोयत्यासारख्या बाकदार, जाड आणि काळपट शेंगा न उकलता महिनोन्महिने फांदीलाच लोंबत राहतात.

म्हणूनच रोप विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या झाडाचे बी रुजवावे, असे माझे मत झाले आहे. मखमलाबादेत एका शेताच्या बांधावर जुना आपटा आहे. मालकांना विचारून त्याच्या शेंगा मी मागच्या आठवड्यात आणल्या. बी कोमट पाण्यात एक दिवस-रात्र भिजवून लांब पिशव्यांत लावले आहे, कारण सोटमूळ खोल जाते आणि आखूड पिशवीत ते वळते.

तुझ्याकडे मुरूम आहे, तो आपट्याला मानवतो. पाणी साचून राहणारी जागा तेवढी टाळ. दोन फुटांचा खड्डा मे महिन्यातच खणून तापू दे आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप लाव. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी दे आणि शेळ्यांपासून राखण्यासाठी काट्यांचे कुंपण कर. झाड सावकाश वाढेल, वेडेवाकडे वाढेल, फांद्या खाली झुकतील. त्या छाटून त्याला छत्रीचा आकार देऊ नकोस, त्याचे रूप त्या झुकण्यातच आहे. दसऱ्याला कोणी फांद्या ओरबाडू लागले तर मात्र स्पष्ट नको म्हण. घरटी एक पान पुरेसे आहे.

तुझ्यासाठी ३ पिशव्या वेगळ्या ठेवल्या आहेत. जूनमध्ये वहिनींना घेऊन ये आणि त्या घेऊन जा.

तुझा,
अनंत