आराम पडला तरी गोळ्या सोडू नकोस

नाशिक,
रविवार

प्रिय मेधा,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर म्हणालीस, "रक्त पडायचं थांबलंय, आता स्टेरॉइड तेवढं चालू ठेवते आणि मेसालामाइनच्या त्या एवढाल्या गोळ्या बंद करते." शेजारी सासूबाई होत्या म्हणून मी फार बोलले नाही, पण तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. अगं, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आपल्या दोघींच्या या आजारात, नेमकं उलटं करायला निघालीस तू!

प्रेडनिसोलोनने, म्हणजे तुझ्या त्या स्टेरॉइडने, तुला लवकर उतार पडला, ते खरं. १९५५ साली इंग्लंडमध्ये ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या चाचणीत हेच दाखवलं. त्याआधी अल्सरेटिव्ह कोलायटिसचा जोराचा झटका आला की माणसं दगावायची. पण स्टेरॉइड भडका उतरवण्यापुरतंच. पुढे आजार ताब्यात ठेवायला त्याचा उपयोग नाही, आणि हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते ते वेगळंच. म्हणून ४० मिलिग्रॅमवरून हळूहळू उतरवत दोन-तीन महिन्यांत बंद करतात. एकदम मात्र सोडू नकोस. तोवर शरीराने कॉर्टिसोल, म्हणजे स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं.

मेसालामाइन मात्र आतड्याची सूज दाबून ठेवणारं, बरं वाटत असतानाही घ्यायचं औषध आहे. रक्त थांबलं म्हणजे आतडं भरून आलं असं नसतं. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करून घे. पोट शांत असतानाही आत सूज असली तर त्यात कळते. माझं सगळं छान चाललंय, तरी मी रोज गोळ्या घेते आणि अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन बघते, कारण क्वचित मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

तुझी सूज डाव्या बाजूपुरती आहे ना? मग एनिमाला, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायच्या पातळ मेसालामाइनला, नाक मुरडू नकोस. नुसत्या गोळीपेक्षा गोळी आणि एनिमा मिळून जास्त गुण येतो. झोपण्याआधी पोट साफ करून यायचं, बाटली चांगली हलवायची. जुना टॉवेल अंथर, कारण त्याचे डाग निघत नाहीत. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी घेऊन पडायचं आणि बाटली सावकाश दाबायची. घाई केलीस की कळ येते. नंतर अर्धा तास तशीच पडून राहा. सुरुवातीला औषध आत ठरत नाही, लगेच जावं लागतं. त्याने खचू नकोस, सूज ओसरली की रात्रभर टिकतं.

एवढ्यानेही स्टेरॉइड सुटलं नाही, तर पुढची औषधं आहेत. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, आणि पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून सुरुवातीला वरचेवर रक्त तपासावं लागतं. मग इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी हवीच. आपल्याकडे कितीतरी जणांच्या अंगात टीबी निपचित पडून असतो, तो या औषधांनी उठतो. हिपॅटायटिस बीसुद्धा बघतात. खर्चाचा धसका आत्तापासून घेऊ नकोस, अनेकांना ही पायरी लागतच नाही.

कंबर धरली की डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी घ्यायची तुझी सवय मला माहीत आहे. तिने आतडं भडकू शकतं, म्हणून ती बंद, पॅरासिटामॉल घे. आणि मावशींनी दूध, गहू, तिखट सगळंच तोडायला सांगितलंय, ते ऐकू नकोस. पथ्याने हा आजार जात नाही, आणि तुझं हिमोग्लोबिन आधीच घसरलंय. भडका असताना कच्चं, चोथ्याचं कमी कर. एरवी भाकरी-आमटी पोटभर जेव.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि जोडीला ताप किंवा नव्वदच्या वर नाडी, असं झालं तर फोनाफोनी करत बसू नकोस, थेट दवाखान्यात भरती हो. ही खूणही ट्रूलव्ह आणि विट्स यांनीच घालून दिलेली, डॉक्टर आजही तीच बघतात.

मंगळवारी डॉक्टरांकडून प्रेडनिसोलोन कोणत्या आठवड्यात किती, ते कागदावर लिहून घे. मी सोमवारी संध्याकाळच्या बसने पुण्याला येते, सोबत जाऊ. कोलोनोस्कोपीची आणि बायोप्सीची फाइल काढून ठेव.

तुझीच,
सुनंदा